गॅस्केट खरंच गेलं का? हेड खोलण्याआधी गाडी पारखायची रीत

एप्रिल लागला की दर्यापूर-अकोट रस्त्यावरच्या आमच्या गॅरेजात दिवसाआड एखादी गाडी बोनेट अर्धवट उघडं ठेवूनच येते. मालक खाली उतरता उतरता निदानही सांगून मोकळा होतो, "भाऊ, गाडी तापून राह्यली. गॅस्केट गेलं वाटते."

गाडी तापली की गॅस्केट गेलं, हे आपल्याकडं ठरूनच गेलंय. मीही त्याच घाईत शिकलो. शिकाऊ होतो तेव्हा एक काळीपिवळी आली होती. तापत होती, पाणी फेकत होती. उस्ताद जेवायला गेले होते, मी हुशारीनं हेड उतरवून ठेवलं. गॅस्केट बघितलं तर नव्यासारखं. मग रेडिएटर बाहेर काढला. त्याच्या नि एसीच्या जाळीच्या मधे कापसाची रुई आणि तुरीचं कुटार असं दाबून बसलं होतं की पलीकडचा उजेड दिसेना. ती गाडी दिवसभर जिनिंगच्या रस्त्यावर चालायची. पाण्याच्या पाईपनं दहा मिनिटांत होणारं काम मी तीन दिवसांचं करून ठेवलं होतं. त्यात एकदा दाबून बसलेलं गॅस्केट पुन्हा वापरता येत नाही, म्हणून चांगलं गॅस्केट फेकून नवीन टाकावं लागलं ते वेगळंच. उस्ताद रागावले नाहीत. नवीन गॅस्केटचे पैसे माझ्या पगारातून कापले.

तेव्हापासूनची माझी रीत अशी की स्पॅनर हातात घ्यायच्या आधी गाडी रात्रभर थंड होऊ द्यायची आणि सकाळी तपासायची. गरम इंजिन सगळ्याच बाबतीत आरडाओरडा करतं, त्यातून काही कळत नाही. हा लेख नव्यानं गाडी घेतलेल्यांसाठी आणि गॅरेजात नुकत्याच लागलेल्या पोरांसाठी आहे.

गॅस्केटचं काम

इंजिनाचे दोन मोठे तुकडे असतात. खाली ब्लॉक, त्यात पिस्टन वरखाली होतात. वर हेड, त्यात व्हॉल्व्ह असतात. दोन्हींच्या मधे गॅस्केटचा पातळ पत्रा. आजकाल बहुतेक गाड्यांत तो स्टीलच्या दोन-तीन थरांचा असतो, जुन्या गाड्यांत कंपोझिट मटेरियलचा. या एका पत्र्याला तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवायच्या असतात: सिलेंडरातला जळता गॅस, वर जाणारं ऑइल आणि भोवती फिरणारं पाणी. सिलेंडरातला दाब पेट्रोल गाडीत ५० बारच्या वर जातो, डिझेलमधे १०० च्याही पुढं. पाण्याचा दाब मात्र जेमतेम १ बार. म्हणून मधली भिंत फाटली की इंजिन चालू असताना गॅस पाण्यात घुसतो, आणि इंजिन बंद करून दाब उतरला की पाणी उलट सिलेंडरात झिरपतं. ही एवढी उलटापालट डोक्यात बसली तर पुढच्या सगळ्या तपासण्या पाठ करायची गरज नाही.

गॅस्केट सहसा आपणहून जात नाही. हेड ॲल्युमिनियमचं, बऱ्याच गाड्यांत ब्लॉक बिडाचा. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. गाडी एकदा जोरात तापली की हेड वाकतं, त्याला आपण 'हेड बेंड झालं' म्हणतो, आणि मग गॅस्केटवरची पकड सुटते. म्हणजे तापणं आधी, गॅस्केट नंतर. तापायचं कारण तसंच ठेवून नुसतं गॅस्केट बदललं तर गाडी दोन महिन्यांत पुन्हा दारात येते.

रस्त्यात काटा वर गेला तर

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना, भर मे महिन्यात, पाच माणसं आणि एसी चालू. काटा लालकडं सरकायला लागला की आधी एसी बंद करा. मग हिटर पूर्ण गरमवर आणि पंखा सगळ्यात जोरात. मे महिन्यात हिटर लावा म्हटलं की गाडीतले लोक वेड्यात काढतात, पण हिटरचा छोटा रेडिएटरही इंजिनाचीच उष्णता बाहेर काढतो. तरी काटा उतरत नसेल तर सावली बघून थांबा आणि इंजिन बंद करा. "गाव तीनच किलोमीटर आहे, नेऊ हळूहळू" म्हणून जे तीन किलोमीटर चालवले जातात, त्यातच हेड बेंड होतं.

एक फसवणूक लक्षात ठेवा. लालवर गेलेला काटा अचानक खाली आला तर खूश होऊ नका. कधी कधी पाणी इतकं संपलेलं असतं की सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडतो आणि काटा खोटं सांगायला लागतो. इंजिन मात्र आत भाजत असतं.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. दाबाखाली आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवून दाब सोडला की ते एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. दुपट्टा गुंडाळून उघडणारे मी पाहिलेत, आणि भाजलेले हातही. निदान तासभर थांबा. वरचा होज, म्हणजे इंजिन नि रेडिएटर जोडणारी वरची जाड रबरी नळी, हातानं दाबता आला, त्यात दाब नाही असं वाटलं, तरच झाकणाला हात लावा. आणि तापलेल्या इंजिनात किंवा इंजिनावर गार पाण्याची बादली ओतू नका. न बेंड झालेलं हेड तिथंच चिरतं.

आधी बाकीचे चोर पकडा

गाडी घरी आली, थंड झाली. आता गॅस्केटवर संशय घेण्याआधी ही मंडळी तपासा. यातल्या निम्म्या गोष्टींना पान्हाही लागत नाही.

रेडिएटरची जाळी. टॉर्च घेऊन समोरून आणि मागून बघा. आपल्या भागात नोव्हेंबर ते मार्च रुई, सोयाबीनचा भुसा, कुटार, आणि पावसाळ्यात मळलेल्या काळ्या मातीचा लेप. एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधली फट नक्की बघा, सगळा माल तिथंच साठतो. धुताना पाणी मागून पुढं मारा, आणि फार जोरात नको, पात्या वाकतात.

पंखा. इंजिन चालू ठेवून, एसी लावून, फिरतोय का ते पाहा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, मोटर. गाडी हायवेवर ठीक आणि बाजारात उभी राहिली की तापते, असं असेल तर पहिला संशय पंख्यावरच. उलट, हायवेवर वेगात असताना तापत असेल तर रेडिएटर, थर्मोस्टॅट किंवा मग गॅस्केट.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झालं की रेडिएटरकडं पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, बंदच अडकलेला असेल तर इंजिन गरम आणि रेडिएटरकडं जाणारा होज गारच राहतो. काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, 'आपल्याकडं लागत नाही' म्हणून. मला ते पटत नाही. इंजिन नेहमी गार चाललं तर ॲव्हरेज पडतं आणि ऑइलही लवकर खराब होतं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढल्यावर पाणी रेडिएटरला वळसा घालून आतल्या आतच फिरतं आणि गाडी आणखी तापते.

झाकण. त्याच्या आतला रबर कडक झाला किंवा स्प्रिंग ढिली पडली की पाणी विनाकारण बाहेर पडतं. संशय आला तर बदला, त्यावर विचार करण्यात वेळ घालवू नका.

वॉटर बॉडी (पाण्याचा पंप), होज, डमी (ब्लॉकच्या भोकांवर ठोकलेली पत्र्याची टोपणं), हिटरचे पाईप. रात्री गाडीखाली एक कोरा पुठ्ठा ठेवा. सकाळी डाग कुठं पडला ते दिसेल. पॅसेंजरच्या पायाखालची मॅट ओली आणि चिकट असेल तर हिटरचा रेडिएटर गळतोय.

एवढं सगळं ठीक आहे, पुठ्ठा कोरडा आहे, तरी पाणी रोज कमी होतंय. "पाणी तं रोजच टाकतो मी, पण जाते कुठं समजत नाही," असं मालक म्हणतो तेव्हा गॅस्केटकडं वळायची वेळ झाली.

सकाळचं थंड इंजिन

आदल्या संध्याकाळी गाडी थंड झाल्यावर पाणी नेमकं काठोकाठ भरून झाकण लावा. मग ती एकदा नेहमीसारखी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आणा आणि रात्रभर उभी करा. सकाळी इंजिन सुरू न करता पुढची कामं याच क्रमानं करा. क्रम बदलला तर पुरावा पुसला जातो.

पहिलं, झाकण न उघडता वरचा मोठा होज दाबून बघा. चांगल्या गाडीत रात्रभरात पाणी आकसतं आणि होज मऊ पडतो, कधी थोडा आत ओढलेलाही असतो. तो सकाळीही ताठ असेल आणि झाकण उघडताच फुस्स आवाज आला, तर आत गॅस कोंडलेला आहे. रात्रभर गार होऊन पाण्याचा दाब राहत नाही, सिलेंडरातून आलेल्या गॅसचा राहतो. माझ्या मते ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरी खूण.

दुसरं, पाण्याची पातळी आणि पाण्याचा रंग. तेलाचा तवंग किंवा काळपट चिकटा दिसला तर लगेच गॅस्केटवर शिक्का मारू नका. बऱ्याच डिझेल गाड्यांत ऑइल कूलर पाण्यानं थंड होतो, तो आतून फुटला तरी ऑइल पाण्यात येतं. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत गिअरचं तेल रेडिएटरमधून फिरत असेल तर तेही पाण्यात उतरू शकतं.

तिसरं, ऑइल. ऑइल मोजायची काडी ओढा, ऑइल भरायचं झाकण उघडा. आत घट्ट लस्सीसारखा किंवा दुधाच्या चहासारखा थर आहे का? डिसेंबर-जानेवारीत गाडी रोज घर ते शाळा एवढीच दोन किलोमीटर चालत असेल, तर झाकणाखाली पिवळट साय जमते. ती आत साचलेल्या दमटपणाची असते, दूरचा एक प्रवास केला की उडून जाते. पण एप्रिलच्या कोरड्या उन्हात, रोज पन्नास किलोमीटर चालणाऱ्या गाडीत, काडीवरही तसंच दुधाळ ऑइल दिसलं तर पाणी आत गेलंय. खात्री करायची असेल तर काडीवरचा थेंब गरम पत्र्यावर टाका. ऑइल नुसतं धूर करतं, पाणी असेल तर फोडणीसारखं तडतडतं. आणखी एक उपाय म्हणजे चेंबरचा, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्याचा, बोल्ट अगदी अर्धा आटा सैल करणं. रात्रभरात पाणी तळाला बसलेलं असतं, असेल तर आधी तेच टपकतं.

ऑइलमधे पाणी सापडलं की गाडी त्या जागेवरून हलवायची नाही. क्रँकच्या बेअरिंगना पाणी मिसळलेलं ऑइल चालत नाही. गॅस्केटचं बिल अख्ख्या इंजिनाच्या बिलात बदलायला एक फेरी पुरते.

चौथं, आता सेल्फ मारा, पण कान देऊन. इंजिन फिरता फिरता 'ठक्क' करून अडलं तर थांबा. पुन्हा मारू नका, धक्का तर अजिबात देऊ नका. सिलेंडरात पाणी साचलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग, डिझेलमधे हिटर प्लग, काढून, बाजूला उभं राहून इंजिन फिरवलं की पाणी पिचकारीसारखं बाहेर येतं. मग तपासण्यासारखं फार काही उरत नाही.

सुरू झालं, पण पहिला मिनिटभर मिसिंग मारतं आणि मग सुरळीत होतं? रात्रभर एका सिलेंडरात पाणी झिरपलेलं असल्याची ही खूण.

पाचवं, धूर. थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून येणारी पांढरी वाफ पाच मिनिटांत गेली तर ती निव्वळ वाफ. दहा-पंधरा मिनिटं झाली, इंजिन गरम झालं, तरी दाट पांढरं निघतच असेल आणि कूलंट टाकलेल्या गाडीत त्याला गोडसर वास असेल, तर पाणी जळतंय. डिझेल गाडीत पांढऱ्या धुराला कच्च्या डिझेलचा वास आला तर तो विषय नोजल, हिटर प्लग किंवा टायमिंगचा. आणि अलीकडच्या डिझेल गाड्यांत ईजीआर कूलर (जळालेला काही गॅस पाण्यानं थंड करून परत इंजिनात पाठवणारा भाग) फुटला तरी पाणी कमी होतं आणि धूर पांढरा येतो. यात अनुभवी माणसंही फसतात.

होज आणि बुडबुडे

ही तपासणी इतकी उपयोगी आहे की तिला वेगळी जागा देतो.

थंड इंजिनावर झाकण उघडून दाब सोडा, पुन्हा घट्ट लावा. एकाला इंजिन सुरू करायला सांगा, दुसऱ्यानं वरच्या होजवर हात ठेवायचा. चांगल्या गाडीत इंजिन गरम होत जाईल तसा होज हळूहळू ताठ होतो, त्याला आठ-दहा मिनिटं लागतात. होज हाताला गार लागतोय आणि मिनिट-दोन मिनिटांतच दगडासारखा कडक झाला, तर पाण्यात कम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरातला गॅस, येतंय. पंख्यापासून हात, दुपट्टा, ओढणी लांब ठेवा. इलेक्ट्रिक पंखा न सांगता सुरू होतो.

इंजिन पुन्हा थंड होऊ द्या. आता झाकण काढा, पाणी काठोकाठ भरा, जमलं तर तोंडाला नरसाळं घट्ट बसवून त्यातही थोडं पाणी ठेवा. ज्या गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, त्यांच्या प्लॅस्टिकच्या टाकीच्या तोंडातून हेच बघायचं. इंजिन सुरू करा. सुरुवातीला काही मोठे बुडबुडे येतील, ती अडकलेली हवा असते. ते थांबले तर ठीक. पण बारीक बुडबुडे एका तालात येतच राहिले, रेस दिल्यावर वाढले, पाणी उसळून बाहेर आलं, तर शंकेला फार जागा उरली नाही. तोंड बाजूला ठेवा, आणि इंजिन गरम व्हायच्या आत बंद करा.

कोणत्या सिलेंडरचं आहे तेही इथंच कळू शकतं. एकेका सिलेंडरचं जळणं बंद करून बघायचं. ज्याला बंद केल्यावर बुडबुडे कमी होतात, तो गुन्हेगार. पेट्रोल गाडीत कॉइलचं आणि इंजेक्टरचं कनेक्शन काढा, इंजिन बंद करून. जुन्या डिझेलवर मिस्त्री लोक चालू इंजिनाचा नोजलचा पाईप सैल करून हेच करायचे. कॉमन रेल, म्हणजे अलीकडच्या डिझेल गाडीत ते कधीही करू नका. तिथं पाईपमधला दाब हजार बारच्याही वर जाऊ शकतो, त्या फवाऱ्यानं डिझेल कातडीच्या आत घुसतं. तिथंही इंजिन बंद करून फक्त इंजेक्टरचं वायर-कनेक्शन काढायचं.

काही गाड्या इथंही शहाण्यासारख्या वागतात. उभ्या असताना एक बुडबुडा नाही, पण घाटात किंवा ट्रॉली ओढताना पाणी फेकतात. टर्बोवाल्या डिझेलचं हे नेहमीचं. लोड आल्याशिवाय फट उघडत नाही. अशा गाडीच्या ओव्हरफ्लोच्या नळीला मेडिकलमधून आणलेली पारदर्शक सलाइनची नळी जोडा आणि तिचं टोक बोनेटखाली बांधलेल्या अर्ध्या भरलेल्या बाटलीत सोडा. गाडी लोडवर चालवून आणा, थांबा आणि इंजिन चालू असतानाच बघा. बाटलीत बुडबुडे सुटत असतील तर गाडीनं कबुली दिली.

मीटर लावून पुरावा

वरच्या खुणांवरून अंदाज पक्का झाला तरी हेड खोलण्याआधी एक तरी मोजणी करा. मालकाला आकडा दाखवता आला की वाद होत नाही.

कम्प्रेशन मीटर. पेट्रोल गाडीचे सगळे प्लग काढा, इग्निशन आणि इंजेक्टर बंद करा, बॅटरी पूर्ण चार्ज हवी. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलेंडरवर इंजिन सारखेच पाच-सहा फेरे मारू द्या आणि आकडा लिहून ठेवा. चांगल्या पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १३ बार, म्हणजे १५० ते १९० पीएसआय येतं. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलचा धरायचा. आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा. एखादं सिलेंडर इतरांपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असेल तर तिथं काहीतरी आहे. शेजारशेजारची दोन सिलेंडर एकत्र पडलेली असतील, समजा २ आणि ३, तर त्यांच्या मधली गॅस्केटची पट्टी जळली असण्याची शक्यता फार मोठी. फक्त एकच पडलं असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वर आला तर पिस्टनच्या रिंग गेल्या. नाही आला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. ही ऑइलची युक्ती डिझेलवर करू नका. आणि डिझेलला पेट्रोलचा मीटर लावू नका, तिथलं कम्प्रेशन २५-३० बारपर्यंत जातं, मीटर तिथंच फुटेल.

प्लग काढले आहेतच तर ते रांगेत मांडून बघा. तीन तपकिरी आणि एक धुतल्यासारखा पांढरा स्वच्छ असेल, तर त्या सिलेंडरात वाफेनं सफाई चालू आहे.

हवा भरून बघणं. गावात कम्प्रेशन मीटर नसेल, पण पंक्चरवाल्याकडं कॉम्प्रेसर असतोच. प्लगच्या भोकात बसेल असं ॲडॅप्टर हवं, लेथवाला जुन्या प्लगपासून करून देतो. पिस्टन कम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, गाडी गिअरमधे आणि हँडब्रेकवर ठेवा, पुलीवर पान्हा तसाच लावून ठेवू नका, हवेनं इंजिन फिरलं तर तो उडतो. मग पाच-सहा बार हवा सोडा आणि ऐका. रेडिएटरमधे बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा चीर. शेजारच्या प्लगच्या भोकातून हवा आली तर दोन सिलेंडरमधलं गॅस्केट. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. ऑइलच्या झाकणातून थोडी येतेच, जास्त आली तर रिंग. एकाच वेळी पाच आजार ओळखणारी दुसरी तपासणी मला माहीत नाही.

निळं पाणी. रेडिएटरच्या तोंडावर लावायची काचेची नळी आणि निळं रसायन मिळतं. रेडिएटरमधली हवा त्यातून ओढली आणि त्यात जळालेला गॅस असला, तर कार्बन डायऑक्साइडमुळे निळ्याचं पिवळं होतं. डिझेलमधे रंग पूर्ण न बदलता हिरवट राहू शकतो. रेडिएटरमधलं पाणी आधी दोन-तीन इंच कमी करा, ते नळीत ओढलं गेलं तर रसायन वाया.

एक मात्र नीट समजून घ्या. बुडबुडे, निळं पाणी, हवा, या सगळ्यांतून 'गॅस्केट गेलं' आणि 'हेडला चीर गेली' हा फरक कळत नाही. तो हेड खाली उतरवून, लेथवर प्रेशर टेस्ट केल्यावरच कळतो. म्हणून मालकाला आधीच सांगा की खर्चाचा खरा आकडा हेड उघडल्यावर मिळेल. गॅस्केट स्वतः फार महाग नसतं, मजुरी आणि लेथचं काम महाग असतं.

हेड उतरलंच तर

स्टीलची सरळ पट्टी आणि फीलर गेज घेऊन हेड लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्यांत तपासा. बऱ्याच इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही. वहीचं पान साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतं, म्हणजे पानाच्या निम्मा वाक झाला तरी फेसिंग मारून, म्हणजे लेथवर घासून सपाट करून, घ्यायचं. तीच पट्टी ब्लॉकवरही फिरवा, लोक हे विसरतात. ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत पाणी किंवा ऑइल राहू देऊ नका, बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉक फुटू शकतो. डिझेलच्या गॅस्केटच्या कडेला खाचा किंवा छिद्रं असतात, त्यावरून जाडी ठरते, जुन्यावर जितकी तितकीच नव्यावर घ्या. फेसिंगमधे फार घासलं गेलं असेल तर लेथवाल्याला विचारून. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमानं, टॉर्क रेंचनं, कंपनीनं सांगितलेल्या टप्प्यांत. 'हाताच्या अंदाजानं' आवळणारा मिस्त्री कितीही जुना असो, त्याला नम्रपणे नाही म्हणा. ताणले जाणारे बोल्ट असतील तर नवेच घ्या.

हळद, अंड्याचा बलक, बाटलीतलं गळती बंद करणारं औषध, हे सगळं रेडिएटरमधे टाकून आलेल्या गाड्या माझ्याकडं येतात. बारीक भोक असलेल्या रेडिएटरला हळद दोन दिवस तारते, हे मीही नाकारत नाही. ५० बारच्या गॅसला हळद अडवत नाही, आणि तो गाळ हिटरच्या नि रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतो.

आणि ते पाणी

पूर्णेच्या खोऱ्यातला, अकोला-अमरावती-बुलढाण्याचा आपला खारपाणपट्टा. इथल्या विहिरीचं, बोअरचं पाणी माणसाला पचत नाही, मग गाडीला काय पचणार. क्षारांचा थर आतून बसतो, उष्णता बाहेर पडत नाही, ॲल्युमिनियम खड्डे पडून खाल्लं जातं, आणि नेमके ते खड्डे गॅस्केट बसायच्या जागी, पाण्याच्या भोकांच्या कडेला असतात. मी उघडलेल्या हेडांवर ते बोटानं जाणवतात.

कूलंट टाका म्हटलं की उत्तर ठरलेलं, "इथं कुठं बरफ पडून राह्यला बावा?" बर्फासाठी नाही. कूलंट गंज रोखतं आणि पाण्याचा उकळायचा आकडा वर नेतं, आणि ४५ अंशांच्या मे महिन्यात आपल्याला तेच हवंय. तयार मिश्रण मिळतं ते घ्या, किंवा घट्ट कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मॅन्युअलमधे दिलेल्या प्रमाणात मिसळा. डिस्टिल्ड नसेल तर आरओच्या कॅनचं पाणी बोअरपेक्षा कितीतरी बरं. एका जातीच्या कूलंटमधे दुसऱ्या जातीचं ओतू नका. रस्त्यात अडलात आणि नाल्याचंच पाणी मिळालं तर तेही टाका, पण घरी येऊन ते काढून टाका. आणि काढलेलं कूलंट अंगणात उघड्या घमेल्यात ठेवू नका. ते गोड असतं आणि विषारी असतं, कुत्री-शेळ्या चाटतात.

नवं गॅस्केट बसलं, पाणी भरलं, हवा काढली, गाडी पन्नास किलोमीटर फिरवून आणली की मालक पैसे देऊन निघायच्या घाईत असतो. मी गाडी रात्रभर ठेवून घेतो. सकाळी झाकण न उघडता पुन्हा वरचा होज दाबतो. मऊ लागला की किल्ली देतो.